बेळगाव भागातल्या तलावांवर पाणपक्षी कसे मोजावेत, आणि त्या आकड्याचं पुढे काय होतं

जानेवारी उजाडला की वर्तमानपत्रात ठरलेली बातमी येते: धरणावर ‘हजारो दुर्मिळ परदेशी पाहुणे’. चार शब्दांत तीन दावे, आणि आकडा एकही नाही. हजारो म्हणजे नेमके किती? दुर्मिळ कोणत्या हिशेबानं? परदेशी म्हणजे कुठले? हिडकल, धुपदाळ, राकसकोप, नविलुतीर्थ किंवा गावाबाहेरचं साधं तळं, कुठेही उभं राहून या तिन्ही प्रश्नांची उत्तरं काढता येतात. दुर्बीण, वही आणि थोडी शिस्त लागते. शिस्त नसेल तर महागडी दुर्बीणही कामाची नाही.

आधी एक गल्लत दूर करू. ‘जगात हा पक्षी किती आहे’ आणि ‘हा पक्षी किती धोक्यात आहे’ हे वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरं वेगवेगळ्या संस्था देतात. पाणपक्ष्यांच्या संख्येचे जागतिक अंदाज वेटलँड्स इंटरनॅशनल ठेवते. धोक्याचा दर्जा आययूसीएन या जागतिक निसर्ग-संवर्धन संस्थेच्या लाल यादीत असतो, आणि त्यातला पक्ष्यांचा भाग बर्डलाइफ इंटरनॅशनल सांभाळते. दोन्हींच्या मुळाशी तळ्याकाठी कुणीतरी केलेली मोजणीच असते. त्यासाठी जगभर हिवाळी पाणपक्षी गणना १९६७पासून चालते. तिची आशियाई शाखा, म्हणजे आशियाई पाणपक्षी गणना, १९८७ साली सुरू झाली. भारतात तिच्या कामात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा वाटा मोठा आहे. गणना जानेवारीत होते, कारण त्या महिन्यात स्थलांतर थांबलेलं असतं आणि पक्षी आपापल्या हिवाळी जागी बसलेले असतात. ऑक्टोबरमध्ये तुम्ही मोजलेला थवा चार दिवसांनी रायचूरकडे कुणी पुन्हा मोजू शकतो. जानेवारीत ही शक्यता बरीच कमी असते.

तळं निवडणं आणि सीमा आखणं

पहिल्या वर्षी मोठ्या धरणाच्या नादी लागू नका. हिडकलच्या जलाशयाचा किनारा इतका लांब आणि वाकडातिकडा आहे की दोघातिघांनी सकाळभर फिरूनही निम्मा बाकी राहतो. चालत तासाभरात फेरी होईल असं तळं घ्या. मोठ्या पाण्यावरच मोजायचं असेल तर त्याचे भाग पाडा. पूल, देऊळ, पंपहाऊस, सांडवा अशा न हलणाऱ्या खुणांवरून हद्दी ठरवा आणि नकाशावर रेघा मारून ठेवा. ‘मोठ्या बाभळीपासून’ असं लिहू नका. बाभूळ तोडली की पाच वर्षांची मालिका बिघडली.

दरवर्षी त्याच हद्दी आणि उभं राहायच्या त्याच जागा, यात तडजोड नको. ‘यंदा पलीकडे जास्त पक्षी होते म्हणून तिकडून मोजलं’ असं झालं की संख्या वाढली ती पक्ष्यांची की तुमच्या पायपिटीची, हे कळायला मार्ग उरत नाही.

धुपदाळचा परिसर घटप्रभा पक्षी अभयारण्यात येतो. १९७४ साली जाहीर झालेलं हे अभयारण्य गोकाक तालुक्यात, धुपदाळच्या बंधाऱ्यामागे साचलेल्या पाण्याभोवती आहे. तिथे मोजायचं तर वनखात्याची परवानगी आधी घ्या, आणि लेखी घ्या. गावतळ्यावर परवानगीची गरज सहसा पडत नाही, पण ग्रामपंचायतीत आणि मासेमारीचा ठेका ज्याच्याकडे आहे त्याला सांगून ठेवा. दुर्बीण घेऊन तासभर बांधावर उभ्या राहिलेल्या माणसाबद्दल गावात भलतेच अंदाज बांधले जातात.

मासेमारी करणारी माणसं बहुधा कन्नड बोलतात. सगळ्यात उपयोगी माहिती त्यांच्याकडेच असते, म्हणून चार शब्द शिकून जा. बातुकोळी म्हणजे बदक, हेब्बातु म्हणजे हंसाच्या जातीचं मोठं बदक, बेळ्ळक्की म्हणजे बगळा. नीरुकागे म्हणजे आपला पाणकावळा. दोन्ही भाषांना त्यात पाण्यातला कावळाच दिसला. ‘कोक्करे’ मात्र जपून. करकोचा, चित्रबलाक, कधी मोठा बगळाही त्यात येतो. पायांचा रंग आणि चोचीचा आकार विचारल्याशिवाय वहीत काही लिहू नका.

सामान आणि वेळ

८×४२ किंवा १०×४२ ची दुर्बीण पुरते. मोठ्या पाण्यावर २० ते ६० पट दाखवणारा टेलिस्कोप आणि तिकाटणं लागतंच. त्याच्याशिवाय मधल्या पाण्यात झोपलेली भुवई बदकं म्हणजे नुसते तपकिरी ठिपके. हातातला टिकटिक करणारा गणक, पेन्सिल आणि पुठ्ठ्याची वही घ्या. पहाटेच्या दवानं शाईचं काय होतं ते एकदा भोगलं की पेन्सिलीचं महत्त्व पटतं. किमान दोघं जा. एकानं डोळा दुर्बिणीतून न काढता मोजायचं आणि बोलायचं, दुसऱ्यानं लिहायचं. एकट्यानं मोजून लिहायला मान खाली घातली की थव्यातली जागा सुटते.

ऊन पाठीवर हवं. आपल्याकडच्या बहुतेक नद्या आणि ओढे पूर्वेकडे वाहतात, त्यामुळे बांध बहुधा पाण्याच्या पूर्वेच्या अंगाला असतो. म्हणजे सकाळी बांधावर उभं राहिलं की सूर्य आपोआप पाठीशी येतो आणि समोरचे रंग स्वच्छ दिसतात. खानापूर तालुक्यात म्हादईच्या उतारावर हे उलटं होतं. संध्याकाळी पूर्वेच्या बांधावरून सगळी बदकं काळी दिसतात, आणि मग जो तो आपल्या आवडीची जात त्यांच्यात पाहतो.

सूर्योदयानंतरचे दोन-अडीच तास बहुतेक जातींसाठी चांगले. पट्टकादंबांचं, म्हणजे हंसाच्या जातीच्या हिवाळी पाहुण्यांचं, वेळापत्रक वेगळं आहे. ते बहुधा रात्री आणि पहाटे शेतात चरतात आणि दिवसा पाण्यावर किंवा काठावर विसावतात. अगदी भल्या पहाटे गेलात तर तळं रिकामं दिसेल. ते परतून स्थिरावल्यावर मोजा, किंवा परत येणाऱ्या रांगा आकाशातच मोजा. तारीख ठरवताना संक्रांत आणि पौर्णिमा पाहून घ्या. संक्रांतीला नदीकाठी आंघोळीची गर्दी असते, आणि पौर्णिमेच्या आसपास यल्लम्माच्या वाटेवर माणसंच माणसं. हललेलं पाणी मोजण्यात अर्थ नाही.

मोजायचं कसं

शंभरपर्यंतचे पक्षी एकेक मोजा. त्यापुढे ठोकळा पद्धत वापरा. खरं कसब यातच आहे.

समजा समोर वारकऱ्यांचा, म्हणजे पांढऱ्या कपाळाच्या काळ्या पाणपक्ष्यांचा, मोठा थवा पसरला आहे. थव्याच्या एका टोकाला दहा पक्षी नीट मोजा आणि ते दहा पाण्यावर किती जागा व्यापतात ते डोळ्यात भरून घ्या. त्याच अंदाजानं पन्नासांचा ठोकळा ठरवा, आणि मग तो ठोकळा थव्यावरून पुढे पुढे सरकवत न्या. चौदा ठोकळे बसले, कडेला विरळ पसरलेले पस्तीस एकेक मोजले, तर ७००+३५, म्हणजे ७३५. मध्ये थवा दाट आणि कडेला पातळ असतो, म्हणून एकाच मापाचा ठोकळा सगळीकडे लावू नका. दाट भागात पुन्हा दहा मोजून माप नव्यानं घ्या. दुसऱ्या माणसानं पहिल्याचा आकडा न ऐकता मोजायचं. दोन आकड्यांत दहा टक्क्यांच्या आत फरक असेल तर सरासरी घ्या. जास्त असेल तर दोघांनीही पुन्हा मोजा. ‘तुझे नऊशे, माझे सहाशे, लिहू साडेसातशे’ ही तोडपाण्याची पद्धत इथे चालत नाही.

मिश्र थव्यात जाती वेगळ्या काढायच्या असतील तर आधी एकूण आकडा काढा. मग टेलिस्कोप थव्याच्या चार-पाच वेगळ्या जागी रोखून मिळून शंभर पक्षी ओळखा. समजा त्यात ६२ वारकरी, २५ तलवार बदकं आणि १३ थापट्या बदकं निघाली. ७३५ला हे प्रमाण लावलं की साधारण ४५५, १८५ आणि ९५ येतात. वहीत यापुढे ‘अंदाज’ असं स्पष्ट लिहा. नमुना एकाच जागेचा घेतला की हिशेब पार चुकतो, कारण पक्षी सरमिसळ बसत नाहीत. वारकरी पाणवनस्पतीपाशी, थापट्या उथळ गाळात आणि तलवार बदकं उघड्या पाण्यात असतात.

मोठा थवा मोजताना माणूस जवळजवळ नेहमीच कमी मोजतो. यावर घरचा उपाय आहे. मूठभर जोंधळे परातीत पसरा, पाच सेकंद बघा, आकडा बोला, मग दाणे मोजा. दोनशे दाण्यांना पहिल्या दिवशी तोंडातून ‘सव्वाशे’ निघतं. रोज पाच वेळा, आठवडाभर हे केलं की डोळा बसतो आणि आपण किती कमी सांगतो तेही कळतं. जोंधळे कोंबड्यांना टाका, सराव फुकट जात नाही.

मोजता मोजता दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी डोक्यावरून घिरट्या घालू लागला की अख्खा थवा उठतो. तिथवर मोजलेलं सोडून द्या. पंधरा-वीस मिनिटं थांबा, पक्षी बसू द्या आणि नव्यानं सुरुवात करा. ‘आधीचे चारशे आणि आता उरलेले’ अशी बेरीज केली की तेच पक्षी दोनदा येतात. जवळजवळची दोन तळी असतील तर एकाच सकाळी, दोन गटांनी मोजा. पक्ष्यांना तालुक्याची हद्द कळत नाही, महाराष्ट्र-कर्नाटकाची तर नाहीच. निपाणीकडून दूधगंगा, वेदगंगेच्या काठानं जे मोजतात त्यांनी कागल-कोल्हापूरच्या मंडळींशी तारीख जुळवून घेतलेली बरी.

ओळखण्यात होणाऱ्या चुका

हळदीकुंकू बदक नावामुळे सोपं झालं आहे: काळ्या चोचीच्या टोकाला हळदीसारखा पिवळा ठसा, बुडाशी कुंकवाचे दोन ठिपके. लांबून ठिपके दिसले नाहीत तरी पिवळं टोक दिसतं. वारकरी आणि पाणकोंबडी यांची गल्लत कपाळाच्या रंगावरून सुटते. वारकऱ्याच्या कपाळाची ढाल पांढरीशुभ्र, साध्या पाणकोंबडीची तांबडी. पट्टकादंबाच्या पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे आडवे पट्टे असतात. गावातली पाळीव पांढरी हंसं वेगळी काढा, ती गणनेत येत नाहीत. बदकांच्या माद्यांपाशी सगळेच अडखळतात. ओळख पटली नाही तर ‘अनोळखी बदकं, १२०’ असं लिहा. हा आकडा एकूण बेरजेत उपयोगी पडतो. जबरदस्तीनं दिलेलं नाव मात्र सगळ्या मालिकेत घाण करतं.

खंड्या, धोबी, भोवत्या जरूर नोंदवा, पण पाणपक्ष्यांच्या एकूण बेरजेत धरू नका. उसात पाणी सोडलं की मागे धावणारे गायबगळे आणि टिटव्या तळ्याच्या हद्दीबाहेर असतील तर तेही नाहीत.

शून्य लिहायला शिका

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. तळं आटलं, केंदाळानं भरलं, गाळ काढायला जेसीबी लावलेला होता, आणि एकही पक्षी नव्हता, म्हणून फॉर्मच भरला नाही. मग त्या तळ्याची फक्त चांगली वर्षं नोंदीत राहतात आणि दहा वर्षांनी आलेख सांगतो की सगळं उत्तम आहे. शून्यही आकडाच आहे. त्यासोबत पाण्याची पातळी, केंदाळाचं प्रमाण, मासेमारी, उपसा आणि तळ्याचा किती भाग दिसला हे लिहा. ‘६० टक्के भाग मोजला’ ही चार शब्दांची नोंद नसेल तर पुढच्या वर्षी पूर्ण मोजणी झाल्यावर पक्षी एकदम वाढल्यासारखे दिसतात.

तुमच्या आकड्याचं वजन: एक टक्क्याचा हिशेब

रामसर करार १९७१चा, भारत त्यात १९८२ साली सामील झाला. पाणथळ जागेला आंतरराष्ट्रीय महत्त्व देण्याच्या त्याच्या निकषांपैकी दोन थेट पाणपक्ष्यांच्या आकड्यांवर आहेत: जागेवर नियमितपणे २०,००० किंवा जास्त पाणपक्षी असावेत, किंवा एखाद्या समूहाचे एक टक्का पक्षी असावेत. इथे ‘समूह’ हा शब्द महत्त्वाचा. एक टक्का अख्ख्या जातीचा नाही, तर एका हवाईमार्गानं येणाऱ्या, एकत्र हिवाळा काढणाऱ्या गटाचा धरतात. आपला भाग मध्य आशियाई हवाईमार्गात येतो आणि त्यात ३० देश आहेत. एकाच जातीचे युरोपात आणि आपल्याकडे वेगळे समूह असू शकतात, म्हणून जातीचा जागतिक आकडा घेऊन शंभरानं भागू नका. समूह २० लाखांहून मोठा असेल तर एक टक्क्याऐवजी सरळ २०,००० ची अट लागते.

पट्टकादंबाचं उदाहरण घ्या. त्याचा जुना जागतिक अंदाज ५२,००० ते ६०,००० होता, म्हणजे मधला आकडा ५६,००० आणि एक टक्का ५६०. नंतरचा अंदाज ९७,००० ते १,१८,००० आहे. त्यानं एक टक्का हजाराच्या वर जातो. ज्या तळ्यावर सातशे पट्टकादंब बसतात ते जुन्या हिशेबात पात्र होतं, नव्या हिशेबात नाही. तळं तेच, पक्षी तेवढेच. म्हणून अर्ज लिहिताना किंवा बातमी देताना अंदाज कोणत्या वर्षाचा वापरला ते सांगावंच लागतं. आपल्या शेजारी गदग जिल्ह्यातला मागडीचा तलाव पट्टकादंबांसाठीच प्रसिद्ध आहे. पावसाचं पाणी शेतीसाठी साठवायला बांधलेलं हे माणसाचं तळं, आणि २०२४ साली ते रामसर यादीत गेलं. गावतळ्याला कोण विचारतो, असं म्हणणाऱ्यांना हे सांगा.

‘नियमितपणे’ या शब्दाचाही ठरलेला अर्थ आहे. किमान तीन हंगामांची माहिती हवी आणि उपलब्ध हंगामांपैकी दोन तृतीयांशांत आकडा गाठलेला हवा, किंवा निदान पाच वर्षांच्या हंगामी कमाल आकड्यांची सरासरी तेवढी भरायला हवी. एका भरघोस वर्षाच्या फोटोवर काही होत नाही.

जागतिक यादी वाचताना एक सापळा सांभाळा. वेटलँड्स इंटरनॅशनलचे आकडे सगळ्या पक्ष्यांचे असतात, पिल्लं धरून. लाल यादी प्रौढ, प्रजननक्षम पक्षी मोजते. ढोबळ रूपांतर असं: घरटी करणाऱ्या जोड्या गुणिले तीन म्हणजे एकूण पक्षी, आणि एकूण पक्ष्यांचे दोन तृतीयांश म्हणजे प्रौढ. एकूण ९०,००० असतील तर प्रौढ साधारण ६०,०००. एका यादीतला ९०,००० आणि दुसरीतला ६०,००० शेजारी ठेवून ‘तीस हजार पक्षी घटले’ अशी बातमी करणं फार सोपं आहे, आणि साफ चूक आहे.

‘दुर्मिळ’ म्हणण्याआधी

लाल यादीच्या पायऱ्या वरून खाली अशा: अतिसंकटग्रस्त, संकटग्रस्त, असुरक्षित, संकटसमीप, आणि सध्या चिंता नाही. दर्जा केवळ संख्येवर ठरत नाही, घसरणीच्या वेगावरही ठरतो. दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत, जो काळ जास्त असेल त्यात, ३० टक्के घट म्हणजे असुरक्षित, ५० टक्के म्हणजे संकटग्रस्त, ८० टक्के म्हणजे अतिसंकटग्रस्त. म्हणूनच जगात लाखांनी असलेलं लालसरी बदक २०१५पासून असुरक्षित आहे, आणि त्याच्यापेक्षा संख्येनं कितीतरी कमी असलेला पट्टकादंब ‘चिंता नाही’ या खान्यात. २०२४ साली बाकदार तुतवारा हा चिखलात चरणारा छोटा पक्षीही संकटसमीपवरून असुरक्षित झाला. थवे अजून दिसतात, पण उतार मोठा आहे.

बेळगाव भागात सगळ्यात जपायचा पक्षी परदेशी नाही. तो नदी सुरय आहे: पिवळी चोच, काळी टोपी, दुभंगलेली शेपटी, बारमाही इथलाच, आणि लाल यादीत असुरक्षित. उन्हाळ्याच्या तोंडाशी तो नदीतल्या वाळूच्या उघड्या बेटांवर अंडी घालतो. धरणातून एकदम पाणी सोडलं, वाळू उपसली किंवा कुत्री बेटावर पोचली की त्या हंगामाची पिल्लं गेली. जानेवारीच्या गणनेत त्याचे चारदोन पक्षी दिसतात आणि कुणी लक्ष देत नाही. फेब्रुवारी ते मे महिन्यांत घटप्रभा, कृष्णा आणि मलप्रभेच्या वाळूपट्ट्यांकडे लांबून, बेटावर पाय न ठेवता नजर ठेवा. बसलेल्या जोड्या मोजा, बेटाची जागा नकाशावर लिहा आणि पाणी कधी सोडलं ती तारीखही.

आणि पट्टकादंबाला ‘सैबेरियन पाहुणा’ म्हणणं सोडा. तो मंगोलिया, तिबेट, चीनचा चिंगहाई प्रांत, किर्गिझस्तान अशा उंचावरच्या तळ्यांवर वाढतो, काही लडाखमध्येही. मानेत अभ्यासकांनी घातलेली रंगीत पट्टी असलेला एखादा दिसला तर पट्टीचा रंग आणि अक्षरं वरून खाली वाचून लिहा, फोटो काढा. अर्धी अक्षरं दिसली तर अर्धीच लिहा, उरलेली मनानं भरू नका.

मोजणी झाली की त्याच संध्याकाळी फॉर्म भरून गणनेच्या समन्वयकाकडे पाठवा आणि तीच यादी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. तिथे ‘दिसला, पण मोजला नाही’ या अर्थाचा फुलीचा पर्याय असतो, तो टाळून आकडाच द्या. मूळ वही मात्र रद्दीत घालू नका. पाच वर्षांनी सरासरी काढताना ‘त्या साली मोजणी कुठून केली होती?’ हा प्रश्न हमखास येतो, आणि त्याचं उत्तर संगणकात नसतं, पेन्सिलीनं काढलेल्या त्या नकाशात असतं.